समुद्राकडचे पडदे

मद्रासहून महाबलीपुरमला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. समुद्र डाव्या हाताला. आमची बस त्या रस्त्याला लागली की अंबुजा टीचर पुढच्या एकट्या सीटवरून उठायच्या, एका हाताने वरचा दांडा धरायच्या आणि दुसऱ्या हाताने डावीकडच्या खिडक्यांचे हिरवे पडदे एकामागून एक ओढत शेवटच्या सीटपर्यंत जायच्या. लोक ओरडायचे. म्हैसूरहून तिरुपती, मद्रास करत तिसऱ्या दिवशी तिथे पोचलेला माणूस समुद्र बघायलाच आलेला असतो. कुणी हळूच पडदा सरकवला तर टीचर त्याच्या मनगटावर टिचकी मारायच्या. तो माणूस बँकेचा मॅनेजर असो नाहीतर कुणाचे आजोबा असोत.

“समुद्र कुठं पळून जात नाही,” त्या म्हणायच्या. “तो आधी पाहिलात की दगड बघणार नाही तुम्ही. आधी दगड, मत्ते समुद्र.”

मत्ते म्हणजे मग. आमच्या म्हैसूरच्या मराठीत कन्नड शब्द भातातल्या खड्यांसारखे येतात. फरक एवढाच, की आमच्या दातांना त्यांची सवय आहे.

बस माझी, पडदे माझे, ओरडणारी गिऱ्हाइकंही माझी. मी ड्रायव्हरशेजारी बसून चडफडत असे. आणि ही बाई कोण? तर मला सातवीत एका मार्काने नापास करणारी.

ती गोष्ट आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय टीचर कळायच्या नाहीत आणि मलाही पुढे लिहिता यायचं नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते असं घरात सांगत. माझ्यापर्यंत घोडा पोचला नाही. वडील एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. पास झालास तर पुढे शिक, नापास झालास तर कामाला लाग, असा त्यांचा साधा हिशेब. समाजशास्त्राच्या पेपरात मला चौतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत.

पेपर हातात आल्यावर मी बघितलं. एक प्रश्न असा होता: महाबलीपुरमला समुद्राच्या काठावर देऊळ कोणी बांधलं आणि का? दोन मार्क. ‘कोणी’ला मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण राजाचं नाव आठवलं नव्हतं. ‘का’ला मी लिहिलं होतं, ‘तिथे जहाजातून गिऱ्हाइकं उतरत, त्यांना लांबून दिसावं म्हणून.’ त्यावर टीचरनी लाल पेनने भोपळा काढला होता.

मी त्याच संध्याकाळी अग्रहारातल्या ब्राह्मण आळीत त्यांच्या घरी गेलो. त्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

“टीचर, अर्धं उत्तर बरोबर आहे. एक मार्क द्या.”

“अर्धं उत्तर म्हणजे अर्धी इडली नव्हे रे, की तेवढीच वाढली.”

“मग अर्धा मार्क द्या. बाकीचा अर्धा नकाशात काढा. माझा नकाशा चांगला आहे.”

“मानोजी, हे देवराज मार्केट नाही. पुस्तकात काय लिहिलंय? राजानं भक्तीपोटी बांधलं. तू देवळाला दुकान केलंस. बेडा.”

बेडा म्हणजे नको. टीचरच्या तोंडून तो शब्द दार लावल्यासारखा येई. मी तास दीड तास त्या दारावर डोकं आपटलं. शेंगा संपल्या, त्या उठल्या, मला थोड्या शेंगा देऊन आत गेल्या. पुढच्या सोमवारी मी बसस्टँडवर उभा राहून उतारूंना लॉज दाखवायचं काम करू लागलो.

लॉज दाखवता दाखवता मी गाव दाखवू लागलो, मग टॅक्सी ठरवून देऊ लागलो, मग एक जुनी व्हॅन घेतली, मग बस. कुणी हात धरून वर आणलं नाही. हॉटेलवाला असो, टायरवाला असो, मी त्याच्याशी भाव करायला बसलो की तो आधी पाणी मागवायचा. तोंड माझं तिखट. पण शब्द दिला की पाळत आलो. आणि दर वेळी, नवीन बसला हार घालताना सुद्धा, मनात एकच विचार यायचा: हे सगळं चौतीस मार्कांवर केलं. पस्तीस असते तर?

समुद्रकाठची सहल मी सुरू केली तेव्हा सगळं ठीक होतं, फक्त गाईड टिकत नव्हता. एक गाईड तिथल्या पाच रथांना, म्हणजे रथासारख्या दगडी देवळांना, पांडवांनी स्वतः बांधलेले म्हणायचा, दुसरा शंखांच्या दुकानात शिरला की बाहेर यायचा नाही. उतारूंत शिकलेली माणसं वाढत होती, ती उलटे प्रश्न विचारत. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अंबुजा टीचर रिटायर झाल्यात, घरीच असतात.

खरं सांगतो, मी गेलो तो गाईडसाठी नाही. ज्या पायरीवरून मला परत पाठवलं होतं त्या पायरीवर उभं राहून मला म्हणायचं होतं, टीचर, माझ्याकडे नोकरी कराल का?

त्यांनी मला ओळखलं. “चौतीस,” त्या म्हणाल्या. नाव नंतर घेतलं.

मी घासाघीस करायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी पैशांचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, “पुढची एकटी सीट पाहिजे, कॉफीचा थर्मास पाहिजे, आणि मी बोलत असताना तू मधे बोलायचं नाही.” एवढं बोलून त्या बॅग भरायला गेल्या. भाव न करणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला आजही कळत नाही. पायरीवर म्हणायचं वाक्य तोंडातच राहिलं.

पहिल्या सहलीत मला कळलं, की या बाईंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. माहेर सोसल्याचं. तिथे नदी आहे आणि मठ आहे. तिथून म्हैसूर, म्हैसुरात शाळा आणि घर. तीस वर्षं त्यांनी महाबलीपुरम शिकवलं ते पुस्तकातल्या एका काळ्या चित्रावरून. तेव्हा पडदेबिडदे नव्हते. रस्त्यावरून समुद्र दिसला आणि टीचर गप्प झाल्या. गावात उतरल्यावर त्या सरळ वाळूत गेल्या आणि पदर सावरत उभ्याच राहिल्या. लाटा येत होत्या, चपला भिजत होत्या. मी हाका मारल्या. उतारू रथांकडे ताटकळत होते. टीचर दुपारी परत आल्या तेव्हा बस कांचीला निघायची वेळ झाली होती. त्या गावातला एकही दगड त्यांनी त्या दिवशी पाहिला नाही.

मला तर आयतीच संधी मिळाली. “टीचर,” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “जे गाव तुम्ही बघितलं नव्हतं, त्या गावावरून मला नापास केलंत.”

“हौदु,” त्या म्हणाल्या. म्हणजे, खरं आहे. “आणि आज बघूनही बघितलं नाही. आज मीही नापास.”

पुढच्या खेपेपासून पडदे सुरू झाले. पडदे पडले की टीचर गावात शिरेपर्यंत एक शब्द बोलत नसत. मग आधी पाच रथ. एका एका खडकातून कोरून काढलेली ती देवळं, पण त्यांत कधी पूजा झाली नाही, कारण ती पुरी झालीच नाहीत. “बघा, अर्धी राहिली तरी राजानं पाडली नाहीत,” त्या म्हणायच्या. मागून मी हटकून ओरडायचो, “अर्ध्याला मार्क दिले वाटतं राजानं!” लोक हसायचे. टीचर हसायच्या नाहीत. चष्मा वर करून बघायच्या, वर्गात बघायच्या तशा.

मग तो मोठा कातळ, ज्याच्यावर हत्ती, देव, ऋषी, नाग सगळे कोरलेत. तिथे खाली एक मांजर आहे. मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय जोडून वर धरून तप करतं, आणि आजूबाजूला उंदीर हात जोडून उभे आहेत. टीचर छत्रीच्या टोकाने दाखवायच्या. “हे मांजर भक्त झालंय असं उंदरांना वाटतंय. आता तुम्ही वळून आमच्या बसच्या मालकांना बघा. मत्ते शंखांच्या दुकानात जा.” अख्खी बस वळून मला बघायची. त्या दुकानातून मला दर खेपेला काही ना काही मिळत असे. त्यानंतर कमी मिळू लागलं.

एकदा एका पाथरवटाकडून मी दगडी गणपती घेत होतो. त्या गावात आजही रस्त्याच्या कडेला माणसं छिन्नी घेऊन बसलेली असतात, टकटक चालूच असते. मी त्याला बराच खाली आणला होता. तो कंटाळून हो म्हणणार, तेवढ्यात टीचर मागून आल्या आणि त्यालाच विचारलं, “सोंडेला किती दिवस लागले?” तो म्हणाला, चार. “मानोजी,” त्या म्हणाल्या, “तू चार दिवस इथं उन्हात बस. मत्ते भाव सांग.” गणपती मला त्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावा लागला. आयुष्यात तशी खरेदी मी एकदाच केली. तो अजून माझ्या ऑफिसात टेबलावर आहे.

किनाऱ्यावरचं देऊळ त्या सगळ्यात शेवटी दाखवायच्या, पाठ समुद्राकडे करून. खारा वारा खाऊन दगडांचे चेहरे झिजलेत. टीचर बोट धरून शिकवल्यासारख्या सांगायच्या, इथं नाक होतं, इथं सिंहाची आयाळ होती. आणि मग, एका खेपेला, मी कान टवकारून उभा राहिलो. टीचर म्हणत होत्या, “हे बंदर होतं. लांबून जहाजं यायची. त्यांना शिखर दिसायचं, की आलं आपलं गाव. देऊळ काठावर का? तर येणाऱ्या माणसाला लांबून दिसावं म्हणून.”

मी गर्दीतून पुढे घुसलो. “टीचर! हे माझं उत्तर आहे!”

“बांधलं कुणी?” त्यांनी विचारलं.

मला राजाचं नाव तेव्हाही आठवलं नाही.

“अर्धं उत्तर,” असं म्हणून त्या पुढे गेल्या. त्यानंतर प्रत्येक सहलीत त्या माझं उत्तर सांगायच्या, मी मागून माझा मार्क मागायचो आणि त्या म्हणायच्या, “बेडा.” उतारूंना वाटे ही आमची ठरवून केलेली करमणूक आहे. मी मात्र दर वेळी मनापासून मागत होतो.

आता भांडणाचं सांगतो. त्या गावाच्या वरच्या अंगाला समुद्रावर एक नवीन रिसॉर्ट झालं. पोहायचा हौद, झोपाळे, गार पाणी, जेवण. मालक मला म्हणाला, सकाळी दहाला तुमची माणसं थेट इथे आणा, दगडांना संध्याकाळी एक तास पुरे. मी भाव केला आणि चांगला केला. टीचरना सांगितलं नाही. त्या सहलीत ड्रायव्हर सिद्दप्पाला सांगून मी डावीकडचे पडदेच काढून ठेवले, धुवायला म्हणून.

रस्त्याला लागल्यावर टीचर सवयीने उठल्या. हात वर गेला आणि रिकामा राहिला. समुद्र सगळ्या खिडक्यांत भरून आला होता. बसमध्ये एकच आरडाओरडा झाला, पोरं उड्या मारू लागली. टीचर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “धुवायला टाकलेस?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

रिसॉर्टवर सगळी माणसं उतरली. दुपारचे चार वाजले तरी पाण्यातून कुणी बाहेर येईना. टीचर दिसत नव्हत्या. मी रिक्षा करून शोधायला निघालो, डोकं भडकलेलं. त्या पाच रथांपाशी होत्या. शेजारी सिद्दप्पा उभा होता, हात मागे बांधून, वर्गातल्यासारखा. इतक्या खेपांत तो कधी बसमधून उतरून तिथे आला नव्हता. मला बघून म्हणाला, “सावकार, हा हत्ती बघा. आम्ही इथे येऊन नुसते टायर बघत होतो.”

मी टीचरवर आवाज चढवला. म्हणालो, माणसं पैसे देतात ती मजा करायला. गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यावं, हा धंदा आहे.

टीचर शांतपणे म्हणाल्या, “तूच लिहिलं होतंस ना पेपरात, इथं गिऱ्हाइकं उतरायची म्हणून? त्या जहाजवाल्यांनी महिनोन्‌महिने पाणीच बघितलं होतं. राजानं त्यांना पाणी दाखवलं नाही रे. देऊळ दाखवलं.”

 हरलो की मी जे करतो तेच केलं. ओरडून म्हणालो, “तुम्हाला समुद्र दाखवला तो मी. माझ्या बसनं. नाहीतर सोसल्याच्या नदीकाठीच गेल्या असत्यात!”

सिद्दप्पाने मान खाली घातली.  “हौदु,” टीचर म्हणाल्या. “तुझ्याच बसनं.” आणि छत्री उघडून चालू लागल्या.

पुढच्या सहलीला त्या आल्या नाहीत. निरोप नाही, तक्रार नाही. मी वाट बघत होतो की त्या भांडायला येतील, मी थोडं चढेन, थोडं उतरेन, कुठेतरी सौदा पटेल. भांडायलाच न येणं याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या भोपळ्याचाही आला नव्हता. माफी मागायला मी गेलो नाही. त्यांनी बोलवायला हवं होतं असं मी धरून बसलो. दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत गाईड आले आणि गेले. शेवटी एका सहलीत गाईड मद्रासलाच उतरून गेला आणि मलाच उभं राहावं लागलं. बस समुद्राच्या रस्त्याला लागली. माझा हात वर कधी गेला ते मला कळलं नाही. मी पडदे ओढत शेवटच्या सीटपर्यंत गेलो. लोक ओरडले. सिद्दप्पा आरशातून माझ्याकडे बघून हसला. त्यानंतर मी गाईड शोधला नाही. ऑफिसात गणपतीसमोर बसून पुस्तकं वाचू लागलो. सातवी नापास माणसाला पल्लवांची वंशावळ पाठ करताना बघून माझी बायको म्हणाली, “अय्यो, आता कुठली परीक्षा द्यायचीय तुम्हाला?”

मग एक दिवस सिद्दप्पानेच सांगितलं, टीचरना बरं नाही, आता उठत नाहीत. मी अग्रहारात गेलो. पायरी तीच. आतल्या खोलीत त्या पडून होत्या. पुतणी उशाशी बसली होती. टीचर इतक्या लहान दिसत होत्या, की मला आधी पलंग रिकामाच वाटला.

“चौतीस,” त्या म्हणाल्या.

मी स्टूल ओढून बसलो.  त्यांनीच विचारलं, “पडदे?”

“ओढतो. रिसॉर्टला संध्याकाळी नेतो, दगड बघून झाल्यावर.”

“मांजर?”

“दाखवतो.”

“मालक म्हणून कुणाकडं बोट करतोस?”

“माझ्याकडेच.”

त्यांना हसू आलं, त्यातून खोकला आला. पुतणीने पाणी दिलं. थोडा वेळ गेल्यावर त्या डोळे मिटून म्हणाल्या, “काठावर देऊळ कोणी बांधलं आणि का?”

मी उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे. “पल्लव राजा राजसिंह, टीचर. तिथे बंदर होतं. जहाजातून येणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून.”

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी डोळे उघडले.

“‘का’ बरोबर होतं रे तुझं. तेव्हाही. पुस्तकात नव्हतं, म्हणून मला वाटलं पोरगं देवाची थट्टा करतंय. तिथं उभी राहिले तेव्हा कळलं. इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही.” त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. “तो एक मार्क घे. दिला.”

ज्या एका मार्कासाठी मी त्या पायरीवर तास दीड तास डोकं आपटलं होतं, ज्याच्या रागावर दोन बसगाड्या उभ्या केल्या होत्या, तो मार्क समोर होता. मी आयुष्यभर भाव केलेत. समोरचा माणूस एकाएकी खाली येतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला कुणी सांगायला नको. त्याला दुकान बंद करायचं असतं.

मला एकदम संताप आला. “बेडा,” मी म्हणालो. “बेडा, टीचर. असा फुकट नको. तुम्ही उठा, बसमध्ये बसा, तिथे सगळ्यांसमोर उभं राहून द्या. तोपर्यंत चौतीसच राहू द्या.”

“हट्टी,” त्या म्हणाल्या. हात त्यांनी मागे घेतला नाही. मी तो धरला आणि त्यांना झोप लागेपर्यंत बसून राहिलो. मी जे बोललो होतो त्याबद्दल माफी मागायची होती, तीही राहिली. पण त्यांनी पुढे केलेला हात त्याच्यासाठीही होता, असं मी आपलं समजून चालतो.

आठवड्याने त्या गेल्या. मार्क त्यांच्याकडेच राहिला.

अजून मी बसबरोबर जातो. किनाऱ्यावरच्या देवळापाशी, समुद्राकडे पाठ करून, सगळं सांगून झालं की कुणीतरी विचारतंच, तुम्ही प्रोफेसर का? मी सांगतो, सातवी नापास, याच देवळावरून. लोक हसतात. मग ते विचारतात, इतकं कुणी शिकवलं? मी म्हणतो, जिनं नापास केलं तिनंच. आणि बाजूला होतो, म्हणजे त्यांना समुद्र दिसतो.